फोटो शनेलचाच होता, प्रत मात्र १९३५ ची नव्हती

मागच्या शनिवारी त्याच दुकानाच्या काचेआड मला पुन्हा तीच फ्रेम दिसली. अरुंद काळी पट्टी, खालचा उजवा कोपरा किंचित खरचटलेला. आत फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेल. एका बाजूने घेतलेला फोटो, तोंडात सिगारेट, हात खिशात, गळ्यात मोत्यांच्या माळा. माझी फ्रेम माझ्या घरी कपाटावर पडून आहे, म्हणजे ही दुसरी. खरचटलेला कोपरासुद्धा तसाच. मी रस्त्यावर उभी राहून बराच वेळ बघत होते. दीड वर्षापूर्वी याच फोटोपायी माझे ३८०० युरो गेले, आणि इतके दिवस मी त्याबद्दल जवळच्या दोघी-तिघींशिवाय कुणाशी बोलले नव्हते. पण आता गप्प राहिले तर उद्या आणखी कुणीतरी ते पैसे मोजणार. पॅरिसमध्ये फॅशन शिकायला आणि त्यात काम करायला आलेली आपली बरीच मंडळी आहेत, त्यांना अशा जुन्या फोटोंची ओढ असते, हे मी रोज बघते. त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं जसं झालं तसं लिहिते आहे.

मी इथे नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका कार्यशाळेत नऊ वर्षं काम करते. शनेलबद्दल माझं आंधळं प्रेम नाही. जून १९३६ मध्ये तिच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायकांनी संप केला तेव्हा ती त्यांच्याशी कशी वागली, पुढे त्यातल्या कितीजणींना तिने घरी बसवलं, हे मी विसरू शकत नाही. युद्धाच्या काळात पॅरिसमधल्या जर्मन अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते, तेही नाही. पण पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरलं जाणारं जर्सीचं कापड उचलून तिने बायकांचे बाहेर घालायचे कपडे केले. बाही मनासारखी बसेपर्यंत ती पुन्हा पुन्हा उसवायची. हे ज्याने हातात सुई धरली आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. आणि छायाचित्रकार मॅन रेने १९३५ मध्ये काढलेल्या त्या फोटोत ती ज्या तऱ्हेने उभी आहे, कोपर मागे आणि मान ताठ, ते बघून मला दरवेळी वाटतं की ही बाई स्वतःच्या कपड्यात पूर्ण मोकळी आहे. शिकत असताना त्या फोटोचं एका मासिकातून कापलेलं पान मी माझ्या मशीनसमोर चिकटवलं होतं. मी कुठे कच्ची होते हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दुकानदाराला ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

दुकान लहान. जुनी पोस्टकार्डं, नकाशे, आणि मागच्या भिंतीवर फोटो. मी त्या फ्रेमसमोर थांबले, तो शेजारी येऊन उभा राहिला आणि मी काय करते हे त्याने गप्पांत काढून घेतलं. मग तो सांगू लागला. एका जुन्या, बंद पडलेल्या मासिकाच्या दप्तरातून ही प्रत निघाली म्हणे. मासिकांना छापण्यासाठी पाठवलेल्या प्रतींवर छायाचित्रकार सही करत नसत, म्हणून ही बिनसहीची, आणि म्हणूनच परवडणारी. “सही असती तर मादाम, ही तुमच्या-माझ्या हाताला लागलीच नसती.” त्याने फ्रेम उलटी केली. मागच्या तपकिरी कागदाला एक छोटी चौकोनी खिडकी कापलेली होती आणि तिच्यातून शिक्का दिसत होता: मॅन रे, ३१ बिस, रू कांपान्य-प्रमिएर, पॅरिस. मॅन रे १९२१ मध्ये अमेरिकेतून इथे आला, माँपार्नासमधल्या त्या पत्त्यावर त्याचा स्टुडिओ होता, तिथे कोण कोण येऊन बसलं, हे सगळं त्याने रंगवून सांगितलं. नंतर मी एकेक तपासून पाहिलं. त्याने त्या छायाचित्रकाराबद्दल सांगितलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. खोटं फक्त समोरच्या कागदाबद्दल होतं.

फ्रेम उघडून दाखवा, असं मी म्हटलं होतं. एकदा नाही, दोनदा. तो म्हणाला, मागचा कागद आणि चिकटपट्टी त्या काळचीच आहे, फाडली तर किंमत उतरेल. मला ते पटलं. माझ्या पिशवीत त्या दिवशी कोंत-फिल होतं. कापडाच्या एका इंचात किती धागे आहेत हे मोजायचं घडीचं छोटं भिंग, आमच्या कामात ते सतत लागतं. तेच भिंग इथले छपाईवाले आणि फोटोवाले वापरतात. पण ते कागदावर टेकवल्याशिवाय नीट दिसत नाही. मध्ये काच असली की काही कळत नाही. काच काढू न देण्याचं कारण मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मला काचेतूनही खटकली होती. शनेलचा पोशाख काळा आहे. काळ्या कापडातही घडी दिसते, वीण दिसते, शिवण जिथून जाते तिथे प्रकाश थोडा मोडतो. मी दिवसभर काळं कापड शिवते, मला माहीत आहे. या प्रतीत तो सगळा भाग सपाट होता, डांबर ओतल्यासारखा. गालावरचा उजेडही असाच, एकदम पांढरा, मधली छटाच नाही. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, जुना कागद असाच असतो. माझ्या डोळ्यांना दिसत होतं ते मी बाजूला ठेवलं आणि त्याचं ऐकलं. पैसे गेल्यापेक्षा याचं मला जास्त वाईट वाटतं.

रात्री मी त्याला फोनवर संदेश पाठवला: ही प्रत तिराज देपोकच आहे ना? अर्ध्या तासात उत्तर आलं: हो, नक्कीच. हा संदेश मी पुसला नाही, आणि पुढे मला तेवढाच उपयोगी पडला. दुसऱ्या दिवशी ८०० युरो रोख आणि ३००० बँकेतून देऊन मी फोटो घरी आणला.

तिराज देपोक म्हणजे काय, हे समजल्याशिवाय यातली मेख लक्षात यायची नाही. फोटोला दोन जन्मतारखा असतात. एक निगेटिव्हची, म्हणजे छायाचित्र कधी काढलं ती. दुसरी प्रतीची, म्हणजे हा हातातला कागद अंधाऱ्या खोलीत कधी तयार झाला ती. छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली, फोटो काढल्यापासून थोड्याच वर्षांत काढलेली प्रत ती देपोक, म्हणजे त्या काळची. त्याच निगेटिव्हवरून वीस-तीस वर्षांनी काढलेली प्रत ती तार्दिफ, उशिराची. छायाचित्रकार गेल्यावर काढलेली आणखी वेगळी. आणि निगेटिव्ह हाताशी नसताना तयार प्रतीचा किंवा छापलेल्या पानाचाच पुन्हा फोटो काढून त्यावरून केलेली प्रत म्हणजे कोंत्रतिप, फोटोचा फोटो. चित्र चारही कागदांवर एकच दिसतं, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. उशिराच्या प्रतीत काही गैर नाही. हॉर्स्ट या छायाचित्रकाराने १९३७ मध्ये शनेलचे फोटो काढले. तो १९९९ पर्यंत जगला आणि म्हातारपणी आपल्या जुन्या निगेटिव्हवरून प्रती काढून त्यांवर सह्या केल्या. त्या उशिराच्या म्हणूनच विकल्या जातात, लोक समजून-उमजून घेतात. फसवणूक होते ती १९३५ हा आकडा निगेटिव्हचा असताना तो कागदाचा म्हणून तुमच्या गळ्यात मारला जातो तेव्हा.

आठ महिने तो फोटो माझ्या टेबलासमोर होता. हिवाळ्यात घरातल्या दमटपणाने कागदाला पोक आलं, म्हणून मी तो जुन्या फोटोंची दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंकडे नेला. मला फक्त फ्रेम बदलून हवी होती. त्यांनी मागची पट्टी उकलली, कागद बाहेर काढला, खिडकीशी तिरका धरला आणि काहीच बोलल्या नाहीत. जुन्या जिलेटिन-सिल्व्हर, म्हणजे चांदीच्या कागदावरच्या प्रतीत काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, तिरक्या उजेडात चांदीची निळसर झाक दिसते. कागदातली चांदी वर्षानुवर्षांत वर येते, आरशासारखी चमकते. ती नसली म्हणून प्रत खोटी ठरत नाही, पण असेल तर विचारात घेतात. माझ्या प्रतीवर त्याचा मागमूस नव्हता.

मग त्यांनी भिंग मागितलं. मी माझं कोंत-फिल काढून दिलं. त्यांनी ते शनेलच्या गालावर टेकवलं, पाहिलं आणि मला बघायला सांगितलं. गालाच्या उजळ भागात बारीक ठिपके होते, तिरक्या ओळींत, विणलेल्या जाळीसारखे एकसारख्या अंतरावर. खऱ्या फोटोत असे ठिपके असूच शकत नाहीत. तिथे चांदीचे कण वेडेवाकडे विखुरलेले असतात. ओळीतले ठिपके छापखान्याचे, पुस्तकात किंवा मासिकात फोटो छापताना येतात ते. म्हणजे कुणीतरी छापलेल्या पानावरून फोटो घेतला होता आणि तो खऱ्याखुऱ्या फोटोच्या कागदावर, खऱ्या रसायनांत धुऊन काढला होता. पानावरचे ठिपके त्यात तसेच उतरले होते. काळा पोशाख सपाट का झाला, गाल पांढरा का पडला, हेही तिथेच कळलं. फोटोचा फोटो घेताना आधी मधल्या छटा जातात. माझ्या मशीनसमोर जसं एक कापलेलं पान होतं, तशाच एखाद्या पानाचा हा फोटो होता.

त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि अतिनील दिवा लावला. कागदाची पाठ एकदम निळसर पांढरी पेटली. पांढऱ्या सुती कापडाला नीळ दिल्यावर जसं वाटतं त्याहून कितीतरी प्रखर. कपडे धुण्याच्या पावडरीत कापड शुभ्र दिसावं म्हणून जी चमकद्रव्यं घालतात, त्याच जातीची द्रव्यं फोटोच्या कागदात साधारण १९५० च्या दशकापासून घालू लागले. त्याआधीचा कागद त्या उजेडात मंद, मातकट दिसतो. माझा कागद १९३५ चा असणं शक्यच नव्हतं. (उलट अर्थ मात्र काढू नका. कागद चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही, कारण ही द्रव्यं नसलेले कागद नंतरही मिळत होते, आणि जुना कोरा कागदसुद्धा कुणीतरी जपून ठेवलेला असू शकतो.) शेवटी त्यांनी कापसाचा बोळा किंचित ओला करून पाठीच्या कडेवर फिरवला. बोळा तपकिरी झाला. कडा पिवळट दिसाव्यात म्हणून चहा किंवा तसलंच काहीतरी लावलेलं होतं. वयाने पिवळा पडलेला कागद असा रंग सोडत नाही. शिक्क्याचं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, रबरी शिक्का कुणीही करून घेतो. मॅन रेच्या शिक्क्यांचा अभ्यास झालेला आहे, प्रत्येकाची अक्षरं आणि मापं नोंदलेली आहेत. तेव्हा नुसता शिक्का आहे एवढ्यावर जायचं नाही, नोंदीशी ताडून घ्यायचा.

मॅन रेच्याच बाबतीत हे पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या एका जाणत्या संग्राहकाला मॅन रेच्या नावावर डझनांनी खोट्या प्रती विकल्या गेल्या, आणि अखेर कागदानेच ते उघडं पाडलं. त्याच सुमारास अमेरिकेत लुईस हाइन या छायाचित्रकाराच्या प्रतींची भानगड बाहेर आली. हाइन १९४० मध्ये वारला आणि ‘त्याच्या हातच्या’ प्रती मात्र चमकद्रव्यं असलेल्या कागदावर. आयुष्यभर फोटो हाताळणारी माणसं जिथे फसली, तिथे मी फसले याचं फार आश्चर्य नको, असं त्या मला समजुतीने म्हणाल्या. पैशाचा मोह किती मोठा आहे तेही बघा. मॅन रेच्या ‘न्वार ए ब्लांश’ या फोटोची एक जुनी प्रत २०१७ मध्ये पॅरिसच्या लिलावात २६ लाख युरोंच्या वर गेली, आणि ‘ल व्हियोलों द’आँग्र’ २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १ कोटी २४ लाख डॉलरला. त्याच माणसाने काढलेली शनेलची, त्याच काळची, शिक्क्यासह प्रत ३८०० युरोंना कोण देईल? हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता. पण ‘सही नाही म्हणून स्वस्त’ या उत्तरावर मी समाधान मानलं.

मी दुकानात परत गेले तेव्हा तो चिडला नाही, शांत होता. म्हणाला, “मी तुम्हाला पावती दिली आहे, ती वाचा.” पावती हाताने लिहिलेली. ‘शनेल, दाप. मॅन रे, १९३५, तिराज आर्जांतिक.’ तिराज आर्जांतिक म्हणजे चांदीच्या कागदावरची प्रत, ते खरंच होतं. १९३५ फोटोची तारीख, तीही खरी. आणि नावाआधी घाईघाईत खरडलेलं ते ‘दाप.’ म्हणजे दाप्रे, अमुक एकावरून केलेलं. मी त्या दिवशी नाव पाहिलं, साल पाहिलं, मधली अक्षरं माझ्या डोळ्यांखालून गेली तरी मी थांबले नाही. घरी येऊन मी फ्रान्सचा ३ मार्च १९८१ चा हुकूमनामा वाचून काढला. कलावस्तूंच्या विक्रीतल्या फसवणुकीबद्दलचा आहे, आणि इथे जुनी वस्तू विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं, फार मोठाही नाही. कोणत्या शब्दाने विकणारा किती बांधला जातो ते त्यात स्पष्ट आहे. नावाआधी ‘पार’ किंवा ‘द’ लिहिलं तर वस्तू त्याच कलाकाराची आहे अशी हमी होते. वस्तूच्या नावापुढे काळाचा उल्लेख केला तर ती त्या काळात बनलेली असल्याची हमी. ‘आत्रिब्युए आ’ म्हणजे वस्तू त्या कलाकाराच्या काळातली आहे आणि बहुधा त्याचीच असावी, इतपत. आणि दाप्रे, स्तील (शैली), मानिएर द (अमक्याच्या धाटणीत) असले शब्द आले की कलाकाराची नाही, तारखेची नाही, कसलीच हमी नाही. म्हणून पावती लिहून होताना तिथेच उभं राहून, न समजलेलं अक्षर मोठ्याने वाचून विचारायला हवं. अशा विक्रीत वस्तूचं वर्णन लिहिलेली पावती मागणं हा खरेदी करणाऱ्याचा हक्क आहे. तीत ‘तिराज देपोक’ हे शब्द पूर्ण लिहून द्या, एवढंच म्हणायचं. जो खरं बोलतो आहे त्याला दोन शब्द लिहायला काही जड जात नाही.

माझ्याकडे दोन गोष्टी होत्या, तो रात्रीचा संदेश आणि दुरुस्तीवाल्या बाईंनी लिहून दिलेला अहवाल. नक्कल असेल तर ती नक्कल म्हणूनच सांगितली पाहिजे, हेही त्याच हुकूमनाम्यात आहे. मी दोन्ही जोडून पोचपावतीच्या रजिस्टर पत्राने त्याला पाठवलं. उत्तर नाही. महिनाभराने दुसरं पत्र. मग मी कोंसिलियातरकडे अर्ज केला. हा न्यायालयाने नेमलेला समेट घडवणारा माणूस, त्याची फी नसते, आणि ५००० युरोंपर्यंतच्या वादात कोर्टात जाण्याआधी समेटाचा प्रयत्न इथे करावाच लागतो. त्या खोलीत माझ्या फोनवरचा संदेश मोठ्याने वाचून दाखवला गेला तेव्हा दुकानदार पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलला. दोन बैठका झाल्या. १९०० युरो परत द्यायला तो तयार झाला, फोटो मी ठेवायचा. मी कबूल झाले. कोर्टात गेले असते तर कदाचित सगळे मिळाले असते, पण माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं, आणि सुट्ट्याही. अर्धे पैसे गेले ते गेलेच. ज्यांच्यात ताकद असेल त्यांनी थांबू नये. फसवणूक उघडकीला आल्याच्या दिवसापासून पाच वर्षांत व्यवहार रद्द करून मागता येतो.

आता मी काय करते तेही सांगते. द्रुओच्या लिलावघरात विक्रीआधी वस्तू मांडलेल्या असतात, कुणीही जाऊन बघू शकतं, एक पैसा लागत नाही. सवड मिळाली की मी तिथे जाते आणि जुने फोटो हातात घेऊन बघायला मागते. काळ्यातल्या छटा, कागदाची जाडी, पाठीचा वास, चांदीची झाक, हे वाचून कळत नाही, दहा-वीस खऱ्या प्रती हाताळल्यावर डोळ्यांना सवय होते. माझ्या पिशवीत कोंत-फिलशेजारी आता छोटी अतिनील बॅटरी असते. आणि काच काढायला नकार मिळाला की मी नमस्कार करून बाहेर पडते, फोटो कितीही आवडला तरी. परवा एका दुकानात ते जड गेलं, पण निघाले.

शनिवारी घरी येऊन मी कपाटावरची फ्रेम खाली काढली, फोटो बाहेर घेतला आणि पाठीवर, त्या खोट्या शिक्क्याच्या बरोबर खाली, मऊ पेन्सिलीने फ्रेंचमध्ये लिहिलं: कोंत्रतिप, छापील पानावरून, कागद १९५० नंतरचा, शिक्का खोटा. खाली तारीख घातली. त्याखाली तेच मराठीत. उद्या मी नसले आणि हा कागद कुणाच्या हाती लागला, तर त्याला पाठ उलटून एवढं वाचता येईल. सोमवारी दुरुस्तीवाल्या बाईंच्या अहवालाची एक प्रत आणि दुकानातल्या त्या दुसऱ्या फ्रेमचा मी रस्त्यावरून काढलेला फोटो, दोन्ही घेऊन मी पोलीस ठाण्यात जाणार आहे.